वडिलांचे केस

"मान जरा खाली करा," पार्लरवाली म्हणाली आणि तिनं मोठ्या दातांचा कंगवा पाहुणीच्या केसांत घातला.

छत्तीस वर्षांत या केसांतून कुणाचा कंगवा असा सहज फिरला नव्हता. आईचे केस सरळ, रंग गोरा. लेकीचे केस काळ्या लोकरीसारखे आणि रंग जहाजावरून आलेल्या त्या माणसाचा. शाळेच्या घाईत आई पाणी, तेल आणि कंगवा घेऊन बसायची, दर महिन्याला एक कंगवा मोडायची आणि शेवटी डोक्याला रुमाल बांधून द्यायची. पार्लरवालीनं आधी टोकं सोडवली, मग मधला भाग, मग मुळं. तिचे स्वतःचे केसही अगदी असेच होते.

"बाबांचे केस," ती म्हणाली. "आपण दोघीही त्यातून सुटलो नाही."

पाहुणी कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. माणसाचं तोंड एकदा बघितलं की त्याच्या दातांना कुठला रंग जुळेल हे ती अचूक सांगायची. तिचा स्वतःचा रंग मात्र घरात कुणाशी जुळला नव्हता. गल्लीतली पोरं तिला कोळसा म्हणायची. मोठेपणी लोक सभ्यपणे विचारायचे, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ती म्हणायची, "इथलीच." लोक मान डोलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "हो, पण मूळच्या?"

जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव होतं आणि पुढे एकच शब्द होता, खलाशी. तेवढ्यावर तिनं आठ महिने पत्रं लिहिली. शेवटी जहाज कंपनीतल्या एका निवृत्त कारकुनानं उत्तर पाठवलं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. मागे दुसऱ्या संसारातली एक मुलगी होती, तिचं पार्लर होतं. आज तिनं ते फक्त या पाहुणीसाठी बंद ठेवलं होतं.

आईला पाहुणीनं कामाचं निमित्त सांगितलं होतं. आईनं वाटेत खायला डबा भरून दिला. गाडीत तो तिच्याच्यानं उघडवेना. आईनं त्या माणसाला कधी नावं ठेवली नव्हती. "यायचं असतं तर आला असता," एवढंच म्हणायची आणि विषय मिटायचा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर मात्र तिनं सोडलं नाही. भिंतींना ओल होती, घरमालक कटकट्या होता, मामानं दोनदा चांगली जागा बघून दिली. "पत्ता बदलायला नको," आई म्हणायची. लेक काही बोलायची नाही.

पार्लरवालीनं आरशाच्या कडेला खोचलेला फोटो काढून तिच्या हातात दिला. कपाळ, रुंद नाक, जाड खालचा ओठ. पाहुणी बराच वेळ बघत राहिली.

"त्यांचं गाव कुठलं?"

"नदीकाठचं. सगळी मासे धरणारी माणसं. आजी चटया विणायची. आठ भावंडं होती, आता तीन आत्या उरल्यात. थोरली फार खाष्ट आहे, पण तुला बघून रडेल बघ." बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

तीन आत्या. आजवर पाहुणीला एकही नव्हती.

"माझ्याबद्दल कधी बोलायचे?" तिनं विचारलं.

कंगवा मंदावला. "स्पष्ट बोलू? राग येईल तुला."

"आला तरी बोल."

"ते आले होते तुमच्याकडे. तू अकरा वर्षांची होतीस, मी सात. मला लख्ख आठवतंय. नवा शर्ट घातला, दाढी केली, माझ्या आईला सांगून निघाले, मोठीला बघून येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी परत आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, तिच्या आईनं दार उघडलं. इथं तुमचं कुणी नाही म्हणाली आणि तोंडावर दार लावलं. त्यानंतर कधी गेले नाहीत. आम्ही कुणी काही बोललो तर तिचीच बाजू घ्यायचे, तिचं तरी काय चुकलं म्हणायचे." पार्लरवालीनं केसांची एक बट वेगळी केली. "मी नाही घेऊ शकत तिची बाजू. तू माझी, हे मला पटलं. पण तुझ्या आईला मी माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही, ताई."

ताई. हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता.

आरशात दोन सारखे चेहरे होते. एकीचे हात दुसरीच्या केसांत होते. गप्प राहणं सोपं होतं. आई इतक्या लांब येणार नव्हती आणि इथं कुणाला काही कळणार नव्हतं. पाहुणीनं फोटो मांडीवर उपडा ठेवला.

"आई त्या दिवशी घरी नव्हती," ती म्हणाली. "कामावर गेली होती. ते येऊन गेले हे तिला अजून माहीत नाही. दार मी उघडलं होतं. ते शब्द माझे आहेत."

कंगवा केसांतच थांबला.

"म्हणजे बाबांनी तुझं नाव लपवलं," पार्लरवाली म्हणाली. आरशात तिनं पाहुणीच्या नजरेला नजर दिली. मग समजुतीनं म्हणाली, "पोर होतीस. कधी बघितलं नव्हतंस त्यांना. ओळखलं नसशील."

हो म्हटलं असतं तर तिथंच सुटका होती.

"ओळखलं होतं," पाहुणी म्हणाली. "म्हणूनच दार लावलं."