बैठकीतला दिवाण

वडनेरच्या किसनरावांच्या बैठकीतला दिवाण लाकडाचा नव्हता. त्यांच्याच न खपलेल्या कादंबरीचे गठ्ठे रचून चांगुणाबाईंनी वर गादी टाकली आणि नवऱ्याची लाज झाकायला चादर जमिनीपर्यंत सोडली होती. त्यावरच शेजारची सुवर्णा कथांची वही घेऊन बसली होती. "काका, तुमचं पुस्तक काढनारा पुन्याचा एजंट पैसे घेऊन माह्यंबी काढतो, गावोगाव खपवतो म्हन्ते. मानूस भरोशाचा हाय ना? तुम्ही हाव म्हनसान तरच वही देईन." खरं किसनरावांच्या ओठांवर आलं. पण बोलले तर भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोसकट गावातलं 'लेखकसाहेब' हे नावही उतरणार होतं. "हाव, देवमानूस हाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. सुवर्णा पाया पडून हसत गेली. किसनराव मान खाली घालून चादर सरळ करत राहिले. कप उचलताना चांगुणाबाई म्हणाल्या, "चला, पोरीच्या घरीबी आता दिवान होईन."