खोक्यातली हाक

खोक्यातून आवाज आला तेव्हा पिंपळापुरे चहा गाळत होते. आधी त्यांना वाटलं, ओसरीखाली बेडूक असावा. पण ऐन उन्हाळ्यात बेडूक कुठला? ते खोक्याशी गेले, ओलं पोतं बाजूला सारलं आणि वाळूला कान लावला. आवाज अंड्यांतून येत होता. उंक्, उंक्. एक थांबलं की दुसरं सुरू.

प्राणिशास्त्राचा तो पोक्त प्राध्यापक गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखा हसला.

मगरीचा गर्भ अंड्यात कसा घडतो, ते पाहायला पिंपळापुरे नागपूरहून इथं आले होते, आरमोरीच्या खाली, वैनगंगेच्या काठी. थोड्या थोड्या दिवसांनी एक अंडं फोडायचं आणि आतला जीव बरणीतल्या औषधात ठेवायचा. फळीवर बरण्यांची रांग लागली होती. पहिल्या बरणीतला जीव माशाचा, कोंबडीचा की माणसाचा, हे भल्याभल्यांना सांगता आलं नसतं. मदतीला असलेल्या लटारू ढिवराची, म्हणजे इथल्या मासेमाराची, बायको शकुबाई पोटुशी होती. तिला त्यांनी मोठ्या हौसेनं ती बरणी दाखवली, तर ती बिचारी पदर सावरत बाहेर पळाली आणि पुन्हा म्हणून आत आली नाही. आता एकच टप्पा उरला होता, कवच फोडून बाहेर येतानाचं पिल्लू. ते नसेल तर सगळा उन्हाळा वाया.

"लटारू, ऐकलंस?" त्यांनी ओसरीवर जाळं सांधत बसलेल्या लटारूला विचारलं. "अजून जन्मली नाहीत, तोच आईला हाका मारतायत."

लटारूचे हात थांबले. "आन माय आयकते?"

"ऐकते तर. येते, वाळू उकरते, एकेकाला जबड्यात धरून पाण्यात नेते." पिंपळापुरे वर्गात सांगावं तसं सांगत होते. हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, एवढंच.

लटारूनं मान वळवून खाली पाहिलं.

"घाटावर बाया हायेत, मास्तर."

डोहात मगर असणं इथं कुणाला नवं नव्हतं. एरवी ती कुणाच्या वाटेला जात नाही. अंडी राखणारीची गोष्ट वेगळी. म्हणून मगरीनं काठावर वाळूत अंडी घातली की ढिवर घाट बंद करत. वाटेवर पळसाची डहाळी आडवी टाकायची आणि मगर पिल्लं घेऊन पाण्यात उतरेपर्यंत लांब रेतीत झिरा उकरून त्यावर भागवायचं. झिऱ्याला पाणी येतं ते थेंबाथेंबानं, घागर भरेस्तोवर बायकांचा जीव मेटाकुटीला येतो. यंदा मास्तरांनी लटारूला हाताशी धरून सगळी अंडी उकरून आपल्या झोपडीत आणली. अंडी गेली तर राखण कसली, असं म्हणून लटारूनंच डहाळी उचलून फेकली. बायकांनी मास्तरांना दुवा दिला. झोपडी घाटाच्या अगदी डोक्यावर होती. अंडी गेली नव्हती, घाटाजवळ आली होती. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि ज्यांच्या यायला हवं होतं ते बरण्या मोजत होते.

पलीकडच्या रेतीवर रोज पडून असणारी मगर आज तिथं नव्हती. रेतीवर तिच्या पोटाची ताजी घसरण पाण्यापर्यंत गेली होती.

लटारू जाळं टाकून धावला. त्याची हाक ऐकून बायका घागरी सोडून वर पळाल्या. शकुबाई मात्र स्वच्छ पाण्यासाठी गुडघाभर आत गेली होती आणि अंग जड. ती वळेपर्यंत घाटाच्या खालच्या दगडापाशी पाणी हललं. तिच्या आणि काठाच्या मधे मगरीचं डोकं वर आलं.

पिंपळापुऱ्यांना काही सुचेना. त्यांनी खोकं उचललं. कुठं न्यायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हिसका बसताच सगळी अंडी एकदम ओरडली.

मगरीनं शकुबाईकडून तोंड वळवलं आणि वर पाहिलं.

आता त्यांचं डोकं चालू लागलं. खोकं तिथंच ठेवलं तर पिल्लं गप्प होतील, मगर थबकेल आणि शकुबाई पाण्यातच राहील. ते एक पाऊल मागं सरकले. खोकं हलवलं. पिल्लं ओरडली. मगरीनं दगडावर पाय टाकला. आणखी एक पाऊल, आणखी एक हिसका. पोट उचलून ती चढण चढू लागली, त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी वेगानं.

शकुबाई बाहेर आली. लटारूनं तिला दंडाला धरून वर ओढलं.

"मास्तर," तो म्हणाला, आवाज न चढवता, "आता खाली ठेवा अन् बाजूले व्हा."

मागं सरकता सरकता पिंपळापुऱ्यांची पाठ ओसरीवरच्या कुडाला लागली होती. त्यांनी खोकं टेकवायला मान खाली घातली. पोतं सरकलं होतं. एका अंड्याला चीर गेली होती आणि तिच्यातून इवलंसं नाकाड बाहेर येत होतं, शेंड्यावर कवच फोडायचा कणभर पांढरा दात घेऊन. बरण्यांच्या रांगेत उरलेला तो एकच टप्पा.

"मास्तर, ठेवा."

मगर ओसरीवर चढली. पिंपळापुरे खोकं छातीशी धरून त्या दाताकडं बघत राहिले.