सहा नंबरचे पाहुणे

सहा नंबरच्या टेबलावर आपले आई-बाप बसलेले दिसले आणि सुनिल पाण्याचा जग घेऊन खांबाआड सरकला.

बाप, पत्रू, घडीही न मोडलेला नवा सदरा घालून अंग चोरून बसला होता. आई, कलाबाई, पदर तोंडावर धरून छताकडे बघत होती. आलापल्लीच्या पलीकडचं गाव सोडून ही दोघं मोहर्लीला, ताडोबाच्या दारातल्या या महागड्या हॉटेलात कशी येऊन पोचली, ते त्याला कळेना. आणि यायचं होतं तर आजच?

आज दुपारची जेवणं आटोपली की मॅनेजर पुनम मॅडम नव्या कॅप्टनचं नाव सांगणार होत्या. कॅप्टन म्हणजे सगळ्या वाढप्यांचा म्होरक्या. त्यासाठी सुनिलने जिवाचं रान केलं होतं. बोली बदलली, चाल बदलली, आणि बाप काय करतो असं कोणी विचारलं तर 'वनखात्यात' म्हणून मोकळा व्हायचा. तेही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. उन्हाळ्यात जंगलाला आग लागली की पत्रू रोजीने विझवायला जायचा.

या हॉटेलात मेनू कार्ड नव्हतं. सकाळच्या सफारीहून आलेल्या पाहुण्यांपुढे नऊ छोट्या बशा एकामागून एक यायच्या, आणि बशी ठेवताना वाढप्याने त्या पदार्थाची गोष्ट सांगायची, अशी इथली रीत. सहा नंबर नेमकं सुनिलच्या वाट्याला आलं होतं.

मोहफुलं, बांबूचे कोंब आणून देणाऱ्या गावकऱ्यांना मॅडम कधीमधी जेवू घालायच्या. व्यापाऱ्याच्या गाडीत बसून हेही तसेच आले असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

पत्रूने मान वर केली, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "राम राम, सायेब."

बापाच्या तोंडून 'सायेब' ऐकून सुनिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हायसंही वाटलं, खोटं कशाला बोला. बापाने आपला चेहरा वाचला, बाप आपली इभ्रत राखतोय, एवढं त्याला कळलं.

पहिली बशी आली. हातभर रुंद बशीत मोहाचं एकच फूल.

"मधात मुरवलेलं मोहफूल, खाली जवसाचा पापुद्रा. इथल्या जंगलातल्या लोकांचं हे आवडतं..." इथे त्याची जीभ अडखळली. ही बाई मोहफुलं वेचायची तेव्हा तो तिच्या पाठीवर बांधलेला असायचा.

कलाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. आई रडतेय. सुनिलला तिथे उभं राहवेना. गोष्ट अर्धी सोडून तो वळला.

तिसऱ्या बशीला तिने हात पुढे केला. त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला, हे त्याला ओळखीच्या सवयीनेच कळलं. तो झटकन मागे सरला. पत्रूने बायकोचं मनगट धरून हात खाली घेतला.

"गप ना वं, कला. सायबाले काम करू दे."

स्वयंपाकघराच्या दारात पुनम मॅडमनी त्याला अडवलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "काय रे सुनिल, सहा नंबरचे पाहुणे ओळखीचे वाटतात का?"

"नाही मॅडम. कुठल्या तरी खेड्यातले दिसतात."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. हसू थोडा वेळ ओठांवरच थांबलं, मग गेलं. "बरं," एवढंच म्हणून त्या आत वळल्या. आपलं उत्तर उर्मट झालं की काय, अशी रुखरुख घेऊन तो पुढची बशी उचलायला गेला.

सात नंबरवर पुण्याची एक बाई होती. तिने सहा नंबरकडे मान झुकवून विचारलं, "ते जंगलातल्या गावातले का हो? तुम्हीपण तिकडचेच?"

"नाही मॅडम. मी नागपूरचा."

दोन टेबलांत अंतर ते किती! पत्रूचा घास हातातच राहिला. कलाबाईने पदर तोंडावरून काढला आणि मांडीवर नीट पसरला. त्यानंतर तिने एकदाही तोंड झाकलं नाही. उरलेल्या बशा आल्या तशा परत गेल्या.

गावी जाऊन पाय धरीन, सुनिलने मनाशी म्हटलं. कॅप्टन झालो म्हणून सांगितलं की माफ करतील. आई-बापच आहेत.

शेवटच्या बशा उचलल्या गेल्या आणि पुनम मॅडम मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पितळेचा बिल्ला होता.

"आमचा नवा कॅप्टन, सुनिल."

टाळ्या पडल्या. सुनिल दोन पावलं पुढे आला.

"त्याच्या आई-वडलांना मी कालच गाडी पाठवून आणलंय," मॅडम कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "त्याच्याच हातून त्यांना जेवू घालायचं आणि शेवटी त्याला सांगायचं, असं ठरलं होतं." मग त्या सहा नंबरपाशी गेल्या. "बाबा, बिल्ला तुम्ही लावा."

पुण्याची बाई सुनिलकडे बघतच राहिली. टाळ्या एकेक करून थांबल्या.

पत्रू उठला. त्याने बिल्ल्याची पिन पोराच्या खिशावर जपून टोचली, बोटांनी कापड सारखं केलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखा तो हळूच म्हणाला, "आमाले तं मॅडमनं सांगतलं होतं, पोराले वळख देऊ नोका म्हनून. तुले कोनं सांगतलं होतं, बापू?"