कार्डावरचं नाव

वाचनालयाच्या कार्यवाहांच्या पत्राला ग्रंथपालांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘दोनशे पुस्तकं तुमच्या गलथानपणामुळे हरवली. संगणकही तुमच्या डोक्यात शिरायचा नाही. उद्यापासून येऊ नका.’ आपलंच चुकलं असेल, असं वाटून ते मुकाट्याने निघाले; रद्दीत टाकलेली, कोणी कोणतं पुस्तक नेलं याची कार्डं तेवढी उचलून आणली. टोमणा मात्र सलत राहिला. नातीने वेबपान आणि डेटाबेस शिकवणारं सोपं पुस्तक शोधून दिलं. “आजोबा, हे दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे हं!” “मग जमेल बहुतेक.” अडखळत त्यांनी एकेक कार्ड संगणकात भरलं आणि विचारलं: हरवलेली पुस्तकं शेवटी कोणी नेली? पडद्यावर दीडशे वेळा कार्यवाहांचंच नाव आलं. त्यांनी तीनदा विचारलं. नाव बदललं नाही. यादी वेबपानावर चढली. सभासदांना त्या पानाचा पत्ता सोमवारीच गेला. कार्यवाहांच्या पत्राचं उत्तर त्यांनी मुद्दाम गुरुवारी, सगळ्यांनी यादी वाचून झाल्यावर, टपालपेटीत टाकलं.