चंद्र गुडघ्याखाली

माझ्या तपासणीत स्मृतिभ्रंशाचं जनुक निघालं. एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. तसं काही घडलंच नाही असं ठरवून मी छुसॉकला, सुगीच्या पौर्णिमेच्या सणाला, आईकडे गेलो. आमच्याकडे म्हातारपणी डोकं शाबूत राहावं म्हणून ह्वातूचे पत्ते खेळतात. आई जिंकण्यासाठी खेळायची, चंद्राचा सगळ्यात भारी पत्ता गुडघ्याखाली दडवून. “ताई, गुडघा उचल!” मावशी सवयीने ओरडली. आईने उचलला. खाली घोंगडीच. चंद्र तिने इमानदारीत समोर टाकला होता. “भिक्षुणी झालीस की काय?” मावशी हसली. “गुडघ्याखाली काय ठेवतात गं?” आईने विचारलं. पुढच्या डावात चंद्र मला आला. मी तो हळूच आईच्या गुडघ्याखाली सरकवला. तिने काढून परत दिला. “बाळा, तुझा पडला बघ.” सबब संबंधित खात्याने आईची लबाडी तिला परत करावी आणि वारसाला एक प्रत द्यावी, ही नम्र विनंती.