शंभरातले बारा अणू

हिवतापाने फणफणलेल्या नवऱ्याच्या, हेरंबच्या कपाळावर मृदुला गार पाण्याच्या पट्ट्या बदलत होती. ताप चाळीस अंश सेल्सियसवर गेला होता. एक्केचाळीसला त्याच्या कृत्रिम हृदयातल्या चुंबकाचा जोर जाणार होता आणि हृदय थांबणार होतं.

ते चुंबक तिनेच घडवलं होतं. रक्तात गंजू नये म्हणून स्फटिकातल्या शंभर लोहअणूंपैकी बारांच्या जागी तिने क्रोमियमचे अणू बसवले. त्यामुळे चुंबकत्व कमी उष्णतेलाच मोडू लागलं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "माणूस म्हणजे काय भट्टी आहे?"

"बर्फ संपला," सासूबाई म्हणाल्या. "पण गार झालं की चुंबकाचा जोर परत येतो, असं तूच सांगितलं होतंस ना?"

"हो," मृदुला पट्टी पिळत म्हणाली, "चुंबकाचा येतो."