रेघ

टॅक्सीचं हेड गॅस्केट नवं बसवून झालं होतं. आता टायमिंगचा पट्टा चढवण्याआधी इंजिन नेमक्या जागी आणायचं होतं. पुलीवरची पांढरी रेघ इंजिनावरच्या खाचेसमोर यायला हवी. पट्ट्याचा एक दाता जरी चुकला, तरी गाडी चालू करताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. मिस्त्रींच्या बोटांना खाच लागत होती. रेघ मात्र नुसत्या रंगाची होती, आणि वर्षभरापासून त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं धुकंच होतं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ती डबा द्यायच्या निमित्तानं यायची, इंजिनावर वाकायची आणि रेघ खाचेसमोर आली की 'बास' म्हणायची. आज ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

मिस्त्रींनी पाना बोल्टला लावला, जरासा फिरवला आणि थांबले.

"आज राहू दे," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "पाठ धरलीय. चार दिवसांनी बघू."

"चार दिवस गाडी उभी ठेवून खाऊ काय, मिस्त्री?"

खरं सांगितलं, तर उद्यापासून या दारात गाडी कोण आणणार? पाना हातात तसाच राहिला.

टॅक्सीवाल्यानं थांबलेल्या पान्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्याला खांदा लावून तो बोनेटखाली वाकला.

"फिरवा," तो म्हणाला. "वहिनी 'बास' म्हणतात ना, तसं सांगतो मी."